रेघेला लागलेला हात

सामना हरून मी लोहाऱ्याला परतले, तर गावात माझा विजय साजरा होऊन गेला होता.

वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लोहारा ते उमरगा जीप चालवतात. परदेशातला आमचा रग्बीचा सामना त्यांनी स्टँडवर मोबाइलवर पाहिला. शेवटच्या मिनिटाला मी चेंडू काखेत मारून पळाले, समोरच्या टोकाच्या रेघेच्या अलीकडं दोघींनी मला पाडलं आणि मी मोकळा हात लांब करून रेघेला लावला. इकडं अण्णांनी स्टँड डोक्यावर घेतला. कबड्डीत एवढं केलं की पॉइंट आपला. रग्बीत मात्र चेंडूच टेकवावा लागतो, रेघेवर नाहीतर पलीकडं. माझा चेंडू काखेतच. पंचांची शिट्टी वाजली, खेळ खलास.

इतकी वर्षं भारताकडून खेळूनही ऐन वेळी माझ्यातली कबड्डीच जागी झाली. आता पुढच्या शिबिराला बोलावतात की घरी बसवतात, एवढंच डोक्यात होतं. बोलावलं नाही तर माझ्या वयाला सगळंच संपलं. भांडी घासायला घ्यायची, अर्ध्यात सोडायची, शेताकडं पळत सुटायचं, तसंच माघारी यायचं. आई वैतागली. "पायाला भिंगरी लागलीय का गं? बस की एका जागी!" शेवटी अण्णांच्या जीपमध्ये जाऊन बसले.

ती तर आणखी शिक्षा. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरेपर्यंत अण्णा येईल त्या उतारूला तीच गोष्ट सांगणार. "हात लागला हुता रेघेला. पंचानं दिला न्हाय. भायेरच्या देशात आपल्या पोरींचं कोन ऐकतंय?" उतारू माना डोलवत. कबड्डी सगळ्यांनाच कळते. त्यांची हळहळ मला अंगाला खाजकुइली लागावी तशी होत होती. खरं सांगून टाकावं वाटे, पण जीभ उचलत नव्हती. शाळेच्या मैदानावर अण्णांनीच तर शिकवलं होतं, किती का जणी अंगावर पडेनात, हात रेघेकडं सोड.

उमरग्यात जीप रिकामी झाली आणि आमच्या प्रशिक्षक मॅडमचा फोन आला. या शिबिरात तुझं नाव नाही. राज्याकडून खेळ, मग पुन्हा बघू. त्या फार मायेनं बोलल्या, म्हणून जास्तच झोंबलं.

"का न्हाय घेतलं?" मी सांगताच अण्णा भडकले. "सरळ पॉइंट हुता की!"

माझा तोल गेला. "नव्हता, अण्णा! तिथं हात लावून काही होत नाही. चेंडू टेकवावा लागतो. सगळ्या तालुक्याला भलतंच सांगायलाव तुमी!"

अण्णा फडक्यानं काच पुसत राहिले, स्वच्छ होती तरी. मग म्हणाले, "म्हंजे म्या शिकवल्यालंच नडलं व्हय तुला?"

"त्यावरच तिथवर पोचले," मी म्हणाले, पण तेही रागातच.

परतीच्या फेरीला पुढं बसलेले एक आजोबा मागं वळले. "हीच का वं तुमची पोरगी? जिचा पॉइंट खाल्ला?"

मी बाहेर बघू लागले. अण्णा आता विषय बदलतील असं वाटलं.

"कुनी खाल्ला न्हाय," ते मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "चेंडू टेकवायचा असतोय, हिनं हात टेकवला. म्या शिकवलं हुतं तसं. मलाच खेळ कळत न्हवता."

मला रडू फुटलं, आणि सगळ्यांसमोर रडू आलं म्हणून स्वतःचा संतापही आला.

"आता कळलाय," अण्णा म्हणाले. "उंद्या निघायलीय ती. राज्याकडनं खेळायला."

उद्या निघते असं मी कुठं म्हटलं होतं? खेळच सोडावा, इथवर मन येऊन ठेपलं होतं. पण जीपभर माणसांना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळणार. मी आईला फोन लावला आणि बूट धुऊन उन्हात ठेव म्हणून सांगितलं.