भावोजींच्या पाखरांचे पत्ते

माझे धाकटे दीर पस्तीस वर्षं पोस्टमन होते. नोकरी संपली, पाय काही संपले नाहीत. रोज सकाळी बंदरापासून दीपस्तंभापर्यंत टपाल वाटायची तीच जुनी बीट पायी. फक्त पत्रांऐवजी पाखरं. प्रत्येक पाखराला पत्ता ठरलेला: बर्फाच्या कारखान्यामागचा बगळा, तिसऱ्या खांबावरचा खंड्या. रविवारी दहा-बारा माणसं पाखरं बघायला त्यांच्यामागून निघत. त्या रविवारावर भावोजींचा जीव.

माझे गुडघे धरले, चालायला हवं म्हणून मीही जाऊ लागले.

"वहिनी, तिथं बोलायचं नाही हं."

"मग श्वास तरी घेऊ का?"

तिसऱ्या खांबाशी भावोजी म्हणाले, "तो बघा खंड्या!" खांब रिकामा. "उडाला वाटतं," म्हणत पुढे निघाले. कारखान्यामागे बोट दाखवलं, "बगळा, एका पायावर." रविवारच्या माणसांतली एक बँकेतली मुलगी दुर्बिणीतून बघून हळूच म्हणाली, "आजोबा, ती पिशवी आहे. काठीला अडकलीय, एक बंद खाली लोंबतोय." कोणीतरी फिसकन हसलं.

घरी येताना भावोजी म्हणाले, "दोन महिने झाले, लांबचं पुसट दिसतं. घराचा नंबर न बघता पत्र टाकायची सवय, पाखरंही तशीच टाकत होतो. पुढच्या रविवारी सांगून टाकतो, दुसरा माणूस बघा."

"सांगा. आणि मग घरात बसून माझं डोकं खा."

रविवारी बंदराच्या फाटकाशी त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात खाडीच्या झाडीतून कर्कश ओरडणं आलं. भावोजींची मान वळली.

"खंड्याच, पण आपला नव्हे. हा थोराड. डावीकडे, पाण्याजवळच्या फांदीवर बघा."

सगळे माना ताणून थकले. मला मात्र दिसला. मला अक्षरं जेमतेम लागतात, पण तांदळातला खडा अजून सुटत नाही.

"तपकिरी डोकं, लालभडक चोच. केवढी ती चोच मेल्याची!" मी ओरडलेच.

"घोंगी खंड्या!" भावोजी म्हणाले. "चार वर्षांनी आला." माणसं दुर्बिणीला डोळे लावून उभी राहिली. सांगायचं होतं ते भावोजींनी गिळून टाकलं.

आता ते ऐकतात, मी बघते, बँकेतली मुलगी वहीत लिहिते. दुर्बीण माझ्या गळ्यात. जड आहे मेली. कारखान्यामागे आलो की भावोजी न चुकता विचारतात,

"वहिनी, बगळा आहे का जागेवर?"

"आहे की. आज दोन्ही बंद खाली सोडून बसलाय."