शिट्टी वाजली की हात वर

माझं माहेर कोल्हापूर. आमच्याकडे मॅच बघायची म्हणजे घसा बसवूनच घरी यायचं. नवऱ्याची बँकेत सुरतेला बदली झाली आणि नव्वदनंतरची काही वर्षं आम्ही लिंबायतच्या कडेला भाड्यानं राहिलो, तेव्हा मी धरूनच चालले होते की आता फुटबॉल विसरायचा. पण शेजारचे भाऊ धुळ्याकडचे, लूमच्या कारखान्यात कामाला, आणि दर रविवारी बूट खांद्याला अडकवून कुठंतरी निघायचे. मी एकदा दारातच अडवून विचारलं, "कुठं असते मॅच?" आणि पुढच्या रविवारी त्यांच्या टेम्पोत चढून बसले. नवरा म्हणाला, "तू जा, मी झोपतो." त्याच्या नशिबात तेवढंच होतं.

टेम्पो एरवी कापडाचे ताके वाहायचा. सुरतेबाहेर सचिन नावाचं गाव आहे, त्याच्या पुढच्या गावांत ही रविवारची स्पर्धा चालायची. मैदान म्हणजे उसाच्या शेताला लागून पडीक जमीन, गोलला बांबू, चुन्याच्या रेषा. आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच म्हशी त्यावरून जाऊन त्या अर्ध्या पुसलेल्या. थंडीत कडेला पोंक मिळायचा. ज्वारीचा तो कोवळा, गरम दाणा शेवेबरोबर खात पंचाच्या नावानं खडे फोडणं, यासारखं सुख मला सुरतेत दुसरं सापडलं नाही.

आमची टीम सगळी लूमवाल्यांची. बरेचसे रात्रपाळी संपवून सरळ मैदानात उतरायचे, डोळे तांबारलेले, केसांना धाग्याचे पांढरे कण चिकटलेले. खेळ मात्र असा की बघत राहावं. आणि आवाज नाही! 'दे', 'सोड', 'मागं बघ' काही नाही. मी कोल्हापूरची, मला तर वाटलं यांचं आपसात भांडण झालंय. गावातल्या टीमला वाटायचं, हे बोटांनी आपल्याला शिव्या देतायत. खरं म्हणजे ते कारखान्यात बोलतात तसंच बोलत होते. लूमच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळं हातांनी चालतं. पंजा वर केला की थांब. घास तोंडाकडे नेल्यासारखं करून आपल्या छातीवर टिचकी मारली की, तू जा जेवायला, तुझं मशीन मी बघतो. मैदानातही एखादा बचाव सोडून पुढं धावला की मागचा छातीवर टिचकी मारायचा, आणि पुढचा निर्धास्त पळायचा. इतका विश्वास मी आमच्या कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल टीम असतात, त्या पोरांतही पाहिला नव्हता.

भाऊ बचावात खेळायचे. टीममध्ये सगळ्यांत वयानं मोठे, पण त्यांना चुकवून जाणं सोपं नव्हतं. एका रविवारी पंचानं शिट्टी फुंकली, सगळे थांबले, आणि भाऊंनी मात्र उभ्या असलेल्या माणसाच्या पायातून बॉल काढून लांब भिरकावला. तो माणूस पडला. याआधीही एकदोनदा असं झालं होतं. पंच म्हणजे समोरच्या टीमच्याच गावचे मास्तर, ते तावातावानं धावत आले. "ए भाई, सीटी संभळाती नथी? हवे आवुं थयुं तो बहार. कायम माटे!" शिट्टी ऐकू येत नाही का, पुन्हा असं झालं तर कायमचे बाहेर. भाऊ मान खाली घालून उभे राहिले. मलासुद्धा त्यांचा राग आला होता.

पुढच्या रविवारी टेम्पोत माझ्या शेजारी वहिनी येऊन बसली. भाऊंची बायको, त्यांच्याच कारखान्यात बॉबिन भरायला जायची. वाटेत ती माझ्या कानाशी लागली. "ताई, त्यासले ऐकू येस नही. कोनले सांगू नका." घरात तिला कधीच कळलं होतं, पण भाऊ कबूल करत नव्हते. टीमला कळलं तर बहिऱ्याला कोण खेळवणार? आणि आठवडाभर मशीनपुढं उभं राहणाऱ्या त्या माणसाला रविवारची ती मॅच सोडली तर स्वतःचं असं होतं काय?

तेव्हापासून वहिनी रेषेबाहेर उभी राहायची, भाऊंच्या नजरेत येईल अशी. खेळ सरकेल तशी ती सरकायची. डोळे पंचाच्या तोंडाकडे. शिट्टी ओठाला लागली की तिचा पंजा वर. बॉल कुठंही जावो, गोल होवो न होवो, ती ढळायची नाही. मी पोंक पुढं केला तरी मानेनंच नको म्हणायची. त्या बाईपुढं मी मनातल्या मनात किती वेळा हात जोडले असतील! भाऊ थांबू लागले. मास्तरांना वाटत असेल, आपला दम लागू पडला.

पुढल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी वहिनीला धुळ्याला जावं लागलं. जाताना मला म्हणाली, "ताई, माझ्या जागी तुम्ही." समोर तीच गावची टीम, मास्तरच पंच. मी जन्मात इतकी गप्प कधी उभी राहिले नसेन. पहिला अर्धा वेळ निभावला. मग खेळ पार पलीकडच्या कोपऱ्यात गेला. भाऊंची माझ्याकडे पाठ, आणि शिट्टी वाजली. मी हात वर करून वेड्यासारखी धावत सुटले. भाऊ पूर्ण वेगात त्या गावच्याच एका खेळाडूवर चालून जात होते. संपलं, मी म्हटलं.

त्या खेळाडूनं बॉल सोडला आणि पंजा वर केला.

त्याच्या मागच्यानं केला. मग आमच्या पोरांनी, मग त्यांच्या गोलकीपरनं, आणि शेवटी शिट्टी तोंडात तशीच धरून मास्तरांनी. भाऊ थांबले. त्यांनी चहूकडे वळून ते हात बघितले, बराच वेळ बघितले. मग स्वतःचाही हात हळूच वर केला. मास्तरांनी हातानंच खूण केली आणि खेळ पुढं सुरू झाला. मला मात्र पदरानं डोळे पुसावे लागले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मॅच संपल्यावर त्या गावचा कप्तान माझ्यापाशी आला. "आजे बेन नथी आव्यां ने, एटले," एवढंच म्हणाला. आज त्या बाई आल्या नाहीत ना, म्हणून. म्हणजे एवढे महिने ही माणसं आमच्या वहिनीकडे बघत होती, सगळं ओळखून होती, आणि एकानंही भाऊंना ते कळू दिलं नव्हतं.

वहिनी परत आली त्या रविवारी तिला काही सांगायला मला सवडच झाली नाही. ती नेहमीसारखी रेषेपाशी जाऊन उभी राहिली. भाऊंनी मैदानातून तिच्याकडे बघितलं. घास तोंडाकडे नेल्यासारखं केलं आणि आपल्या छातीवर टिचकी मारली.

वहिनी उभीच राहिली थोडा वेळ. तेवढ्यात खेळ सुरू होऊन पहिल्या फाउलची शिट्टी झाली आणि मैदानभर हात वर गेले. तिनं ते पाहिलं, मग येऊन माझ्याजवळ गवतावर बसली. मी पोंकाचा कागद पुढं केला. तिनं मूठभर घेतला, चावत चावत मैदानाकडे बघितलं आणि विचारलं,

"ताई, यातला आपला गोल कोनता शे?"