गाडीमागं ओतलेलं पाणी

नेर्मिन तेय्झे गेल्याचं तिच्या मुलीनं, एलिफनं, मला लिहून कळवलं नाही. तिनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. मी पुण्यात हॉस्टेलच्या मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभी होते. फोन कानाला लावला तर आधी नुसता वाऱ्याचा आवाज, आणि मग... "शुभा, आई गेली. झोपेतच." मी ताट परत ठेवलं. वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, "का गं, आजपण वांगंच आहे म्हणून रुसलीस?" ऑकलंडमध्ये माझी एक मावशी होती, असं म्हणायचं? तेय्झे म्हणजे तुर्की भाषेत मावशीच. पण ती माझी कोण, हे एका शब्दात सांगणं मला तेव्हाही जमलं नसतं आणि आजही नीट जमेल असं वाटत नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, म्हणून लिहून बघते आहे.

२०१६ साली, सोळाव्या वर्षी, मी बार्शीहून एका विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून वर्षभरासाठी न्यूझीलंडला गेले. आमच्या घरात पासपोर्ट काढणारी मी पहिली. वडील डाळमिलमध्ये कामाला. मी निघाले तेव्हा गल्लीनं मला हार घातला होता, तो मी लाजून रिक्षातच काढून ठेवला. गोऱ्या माणसांच्या घरी राहायचं अशी माझी समजूत होती, पण मला मिळालं ते ऑकलंडच्या अवोन्डेल भागातलं तुर्की कुटुंब. ओर्हान काकांचं जवळच न्यू लिनला कबाबचं दुकान होतं. एलिफ माझ्याहून वर्षानं मोठी, तिथंच जन्मलेली. आणि नेर्मिन तेय्झे. ठेंगणी, जाड भुवयांची, इंग्रजी जेमतेम बोलणारी. पहिल्याच दिवशी तिनं दारात माझ्यापुढं घरात घालायच्या चपला ठेवल्या आणि मी त्या घालेपर्यंत माझ्या पायांकडं बघत उभी राहिली. मला परीक्षा चालू असल्यासारखं वाटलं.

आमच्या घरी मांसमच्छी शिजत नाही, हे योजनेच्या कागदांत लिहिलेलं होतं. तेय्झेनं ते पाळलंही, तिच्या परीनं. मला रोज भात, वांगी, दही. तिचा तो लोण्यावर परतलेला, मोकळा भात मला इतका आवडायचा की मी आईला फोनवर त्याचं वर्णन करायची. मग एका संध्याकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ती कोंबडी शिजवलेलं पाणी गाळून माझ्या भातात ओतत होती. त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. मांसाचा तुकडा नाही, म्हणजे मांस नाही. मी जेवताना ताट पुढं सरकवलं. खाणार नाही म्हटलं. तिनं एलिफला काहीतरी विचारलं. एलिफ म्हणाली, "आई विचारतेय, तिनं तुला फसवलं असं वाटतं का तुला?" नाही, असं मला म्हणायचं होतं. पण नुसतं नाही कसं म्हणावं, म्हणून मी मनात चांगलं वाक्य जुळवत राहिले... तेवढ्यात तेय्झे उठून गेली.

त्यानंतर घर गप्प झालं. ती माझ्यापुढं पाव, ऑलिव्ह आणि चीज ठेवायची आणि पाठ फिरवायची. ओर्हान काका दुकानातून आले की टीव्हीचा आवाज वाढवायचे. शाळेत माझा चेहरा बघून बाईंनी विचारलं, मी रडले, आणि गोष्ट योजनेच्या ब्रेंडाबाईंपर्यंत गेली. त्यांचा फोन आला. "नो वरीज, शुभा. शनिवारी येते मी, सगळ्यांशी बोलू. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनुरेवा भागात, एक घर आहे, पण नक्की नाही. नाहीच जमलं तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. मला ते ऐकू आलं. नाहीच जमलं तर बार्शी. हार घातलेली पोरगी दोन महिन्यांत परत.

त्याच आठवड्यात बुधवारपासून आमच्या वर्गाचा वाइटाकेरेच्या डोंगरांत कॅम्प होता. सकाळी शाळेची व्हॅन दाराशी आली. मी मागच्या सीटवर बसले. गाडी हलली तशी तेय्झे जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घालून, हातात प्लास्टिकचा जग घेऊन घाईनं बाहेर आली आणि आमच्या मागं रस्त्यावर तिनं भसकन पाणी ओतलं. मी मागच्या काचेतून बघत होते. आजोबांना घरातून नेलं तेव्हा चुलतीनं असंच बादलीभर पाणी उंबऱ्यावर ओतलं होतं. गेलेल्या माणसानं परत येऊ नये म्हणून, असं मला तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं.

कॅम्पमध्ये काय काय केलं ते मला आठवत नाही. मैत्रीण म्हणायची, "शुभा, हीप्स मजा येतेय ना?" हीप्स म्हणजे तिथल्या बोलीत खूप. मी मान हलवायची. डोक्यात एकच, घरात आपल्याला जागा आहे की नाही.

शुक्रवारी परतले तर माझी बॅग बाहेर ओट्यावर होती. कपडे, पुस्तकं, गादीसुद्धा. दार उघडं होतं. मी पायऱ्यांवर उभी राहिले, बूट काढावेत की नाही तेही कळेना. तेय्झे हातात फडकं घेऊन बाहेर आली. मी इंग्रजीत म्हटलं, "मी जाऊ का?" तिला कळलं नाही. तिनं आत हाक मारली, "एलिफ!" एलिफ आली, माझा चेहरा आणि बॅग बघून तिला हसू फुटलं. "अगं, तुझ्या भिंतीला बुरशी आली होती. आई सकाळपासून ब्लीचनं घासतेय. नाक बंद कर आणि आत ये."

मग मला राहवलं नाही. मी पाण्याचं विचारलं. आजोबांचं सांगितलं. एलिफनं ते आईला सांगितलं, आणि तेय्झेनं फडकं टाकून दोन्ही हात तोंडावर ठेवले. ती भराभर बोलत होती, एलिफ थांबवून थांबवून सांगत होती. "प्रवासाला निघणाऱ्याच्या मागं पाणी ओततात आमच्यात. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये. कुठं अडू नकोस. ती म्हणते, माझ्यावर रागावली असली तरी परत इथंच यायला हवी ना पोरगी." तेय्झेनं माझा हात धरून मला आत स्वयंपाकघरात शेगडीशी नेलं. तिथं एक नवं पातेलं होतं, बाकीच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून कडीला लाल दोरा बांधलेला. झाकण काढून ती म्हणाली, "पाणी. फक्त पाणी." आणि स्वतः चमचाभर चाखून तोंड वाकडं केलं. त्या भाताला खरंच चव नव्हती. मी दोनदा घेतला.

शनिवारी ब्रेंडाबाई फाइल घेऊन आल्या. त्यांनी मला विचारलं, तुला काय वाटतं? मी नेहमीसारखी वाक्य जुळवायला लागले. तेय्झे चहा ओतता ओतताच म्हणाली, "जेवते. राहते." ब्रेंडाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी या वेळी नुसतं "हो" म्हटलं. "स्वीट ॲज," म्हणजे मग छानच, असं म्हणून त्यांनी फाइल मिटली.

वर्ष संपलं तेव्हा तेय्झे विमानतळावर दुधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून आली होती. "आई, इथं नको, लोक बघतायत," एलिफ कुजबुजत होती. तेय्झेनं पार्किंगमध्ये, माझ्या ट्रॉलीच्या मागं, इकडंतिकडं बघत ओतलंच. नंतर फोनवर ती एकच शब्द विचारायची, "कधी?" मी म्हणायची, परीक्षा झाली की. बारावी झाली, मग कॉलेज आलं. तिकिटाएवढे पैसे आमच्याकडं जमणार नव्हते, हे तिलाही कळत असावं. तरी ती विचारायची, आणि मीही उत्तर द्यायची.

एलिफशी नंतर सविस्तर बोलणं झालं. दफन झाल्यावर कबरीवर पाणी ओततात त्यांच्यात. पाण्याचा जग एलिफच्या हातात दिला होता. "ओतताना मला तुझे आजोबा आठवले," ती म्हणाली. लाल दोऱ्याचं पातेलं त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला तसंच आहे, मी निघाल्यापासून त्यात कुणी काही शिजवलेलं नाही.

पूर्वी मी आईला हे पाण्याचं सांगितलं होतं, तेव्हा ती ओरडली होती, "मेल्यामागं घालत्यात पानी! आपल्या दारात असलं काय करू नगंस." तेय्झे गेल्याचं आईला घरी जाऊन सांगितलं, आणि गेल्या रविवारी मी बार्शीहून पुण्याला निघाले. वडिलांनी बॅग रिक्षात ठेवली. मी "येते" म्हणून बसले. रिक्षा वळायच्या आधी आई तांब्या घेऊन दारात आली. शेजारच्या काकू बघत होत्या. आई थोडी थांबली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि तिनं सगळा तांब्या रिक्षामागं रिकामा केला.

"काय गं हे?" काकूंनी विचारलं.

"तिच्या तिकडच्या मावशीचं हाय," आई म्हणाली.