सायरनबाईंचा नियम

बाईंचा आवाज असा, की हॉलच्या एका टोकाला त्या "गुडघे वाकव" म्हणाल्या, की दुसऱ्या टोकाला टेबल टेनिस खेळणारे आजोबासुद्धा गुडघे वाकवायचे. पोरी त्यांना पाठीमागे 'सायरन' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बॅडमिंटनच्या कोचला मंजुळ आवाज असून करायचंय काय?

त्या सार्वजनिक क्रीडागृहातच त्यांची उभी हयात गेली. आधी खेळाडू, मग हंगामी मदतनीस, मग कायमच्या कोच. लग्न केलं नाही. कारण विचारणाऱ्याला त्या सांगत, "तेव्हा कुणी रिकामं नव्हतं, आता मी रिकामी नाही," आणि वाटेला लावत. पत्र्याचं उंच छप्पर, लाकडी जमीन, रबरी बुटांचा आणि वाळलेल्या घामाचा वास, खिडक्यांना बांधलेली जाळी. एवढ्यात त्यांचं भागत होतं. घरी थोरला भाऊ होता, तो म्हणायचा, "तू इथे फक्त कपडे बदलायला येतेस." खोटं नव्हतं ते.

बाईंची खासियत डबल्स. त्यांच्याकडे आलेली पोर आधी जोडीत घातली जायची, एकटीचा खेळ नंतर. त्यामागे कारण होतं. तरुणपणी बाईंना जी जोडीदारीण मिळाली होती, ती शटल पडलं की नुसती वळून बघायची. बोलायची नाही, बघायची. त्या बघण्याने बाईंचा हात असा आखडायचा, की पुढची सर्व्हिस हमखास जाळ्यात. म्हणून कोच झाल्याबरोबर बाईंनी नियम केला. पॉइंट गेला की चूक कुणाचीही असो, दोघींनी हात वर करायचा आणि म्हणायचं, "माझी चूक." मग पुढचा पॉइंट. बाकीचे कोच हसले. पण बाईंच्या जोड्या फुटत नसत. हरल्या तरी एका बाकावर बसून एकाच बाटलीतलं पाणी पीत.

"अर्धं कोर्ट तुझं, अर्धं तिचं, हा हिशेब माझ्याकडे चालणार नाही," बाई सांगत. "जोडीदाराचा दिवस वाईट असला की सगळं कोर्ट तुझं. तोंड वाकडं न करता धावायचं."

हे सगळ्यांत मनापासून कुणी ऐकलं असेल तर लंबीने. लंबी म्हणजे हात-पाय आधी वाढलेली आणि बाकीची मागून येतेय अशी पोर. तिची जोडी बटणाशी. बटण तिच्या खांद्यालाही लागत नव्हती, पण जिभेने छपराला लागायची. दोघी फ्रॉकातल्या असल्यापासून बाईंकडे होत्या आणि आता सोळा-सतराच्या झाल्या होत्या. विभागीय स्पर्धेसाठी बाईंची सगळी आशा या जोडीवर होती. तसं त्या कबूल करत नसत. "बऱ्या खेळतात," इतकंच म्हणत.

मग फाटकाशी तो मुलगा दिसायला लागला. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, नीट भांग, बाईंना बघून स्कूटरवरून उतरणारा. हातात दोन हेल्मेटं, एक स्वतःचं, एक लंबीचं. पोरींनी त्याचं नाव हेल्मेट ठेवलं. बाईंना तो आवडला. पोरीच्या डोक्याची काळजी करणारा मुलगा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

पण हळूहळू बाईंच्या काही गोष्टी लक्षात आल्या. सरावाच्या वेळी पोरींचे फोन कपाटात ठेवायची पद्धत होती. लंबीची नजर शटलवर कमी आणि कपाटावर जास्त. सराव संपला की पायरीवर बसून बटणाबरोबर खिदळणं बंद झालं. भर उकाड्यात अंगात लांब बाह्यांचं जाकीट आलं.

"थंडी वाजतेय का गं?" बाईंनी विचारलं.

"सवय झाली," लंबी म्हणाली.

बटणाला बाईंनी बाजूला घेतलं. तिला काही विचारावं लागलं नाही.

"बाई, ती माझ्याशी धड बोलत नाही. तो म्हणतो, मी तिचे कान भरते."

"भरतेस का?"

"भरते की. पण टिकत काही नाही. तो रोज येऊन रिकामे करतो."

बाई हसल्या आणि मग हसल्याचं त्यांनाच बरं वाटलं नाही.

त्यांना वाटलं, आपण कोच, हा आपला प्रांत नव्हे. हे ज्यांना कळतं त्यांना बोलवावं. ओळखीतून एक तरुण समुपदेशक मिळाली. मुलांच्या आणि मुलींच्या नात्यांत काय निरोगी, काय घातक, हे ती शाळाशाळांतून समजावायची. भाषण न देता तिने पोरींना कोर्टावर उभं केलं. ती एकेक वाक्य वाचणार. नातं चांगलं वाटलं तर नेटच्या खिडकीकडच्या बाजूला पळायचं, धोक्याचं वाटलं तर दाराकडच्या बाजूला.

"तो म्हणतो, मैत्रिणींबरोबर जा, मजा कर, उद्या भेटू."

पोरी खिडकीकडे.

"तो म्हणतो, तू कुठे आहेस ते मला फोनवर सतत दिसलं पाहिजे."

पोरी दाराकडे, आणि सगळ्यांत पुढे लंबी. पासवर्ड मागतो, दाराकडे. भांडण झालं तरी माझं म्हणणं पुरतं ऐकून घेतो, खिडकीकडे. कपडे तो ठरवतो, दाराकडे. लांब ढांगा टाकत लंबी प्रत्येक वेळी पहिली. एक लहान पोर मधेच गोंधळून उभी राहिली, "पण जीव असेल म्हणून विचारत असेल ना?" तर लंबीनेच तिला समजावलं, "जीव असला की विश्वास असतो. झडती नसते." समुपदेशकाने टाळी वाजवली. बाईंचा जीव भांड्यात पडला. पोरीला सगळं कळतंय, आपण उगाच धास्तावलो.

कार्यक्रम संपला. बाई मागे राहून खिडक्या लावत होत्या. खालून जाळीतून फाटकाजवळचं बोलणं ऐकू आलं.

"फोन का उचलला नाहीस?" हेल्मेटचा आवाज. चढलेला नव्हता, अगदी समजूतदार.

"कार्यक्रम होता. फोन कपाटात होते."

"कसला कार्यक्रम?"

"असंच. मुलं-मुली... नात्यांबद्दल."

"म्हणजे माझ्याबद्दल."

त्याच्या किल्ल्यांचा आवाज आला.

"मी इथे उन्हात उभा. घरी काय चाललंय ते तुला माहितेय. आणि तू आत बसून माझ्याबद्दल ऐकून घेतेस."

बाईंनी जाळीला डोळा लावला. लंबीने हात वर केला. कोर्टावर करायची तसाच, खांद्यापर्यंत, तळवा उघडा.

"माझी चूक," ती म्हणाली.

सूरही तोच. कुरबूर नाही, राग नाही, पुढच्या पॉइंटला तयार. हा सूर बाईंनी वर्षानुवर्षं घोटून बसवला होता. खाली त्याने हेल्मेट तिच्या डोक्यावर घातलं, पट्टा स्वतः लावला आणि स्कूटर गेली. बाई खिडकीची कडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लंबीला सामानाच्या खोलीत बोलावलं. बाईंना आडून बोलता येत नसे.

"काल आत सगळी उत्तरं बरोबर दिलीस."

"हो."

"मग फाटकाशी काय झालं?"

लंबी लाल झाली. "तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं. मुद्दाम ऐकलं नाही, पण ऐकू आल्यावर कान बंदही केले नाहीत."

"बाई, ती वाक्यं वेगळी. त्यातला मुलगा म्हणजे... असतात तसले. हा तसा नाही. ह्याच्या घरी फार त्रास आहे. वडील बोलतात त्याला वाटेल ते. त्याचा दिवस वाईट असतो."

"रोजचाच?"

"तुम्हीच सांगता ना, जोडीदाराचा दिवस वाईट असला की सगळं कोर्ट आपलं."

"अगं, ते खेळातलं."

"खेळात एक आणि बाहेर दुसरं, असं तुम्ही कधी सांगितलं नाहीत." तिच्या बोलण्यात उलट उत्तराचा लवलेश नव्हता. ती खरंच विचारत होती.

बाईंनी दम घेतला. "बरं. तो करतो का कधी हात वर? म्हणतो का, माझी चूक?"

लंबीने प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"त्याला आपला नियम माहीत नाही ना," ती म्हणाली.

तोंडाचा पट्टा सुरू झाला की भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या बाई, त्या शटलचे डबे उगाच खालीवर करत राहिल्या.

पुढे त्यांनी जे केलं ते कोचच करू जाणे. त्यांनी नियमच मोडीत काढला. सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, "आजपासून ज्याची चूक त्याने हात वर करायचा. दुसऱ्याने करायचा नाही. केला तर हॉलला फेरी."

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. पंधरवड्यात हॉलचं कोर्ट-कचेरीतलं कोर्ट झालं. "तुझी होती", "मी कुठे, तुझ्या बाजूला पडलं", "बाई, ही हात वर करत नाही." इवल्या इवल्या पोरी डोळे वटारायला लागल्या, ज्या वटारलेल्या डोळ्यांच्या भयाने बाईंनी हा सगळा संसार मांडला होता. आणि लंबी? ती बटणाने घालवलेल्या पॉइंटलाही हात वर करत होती. शिक्षा म्हणून फेऱ्या मारत होती, न कुरकुरता, लांब बाह्यांच्या जाकिटात.

"अगं बये, माझी होती ती," बटण कावून म्हणाली. "मला पण चुकू दे की कधीतरी."

बाईंनी हात टेकले. नियम पुन्हा होता तसा केला, पण विस्कटलेलं काही पूर्ववत बसलं नाही.

मग त्या लंबीच्या आईकडे गेल्या. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची, दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत. नवरा कधीच सोडून गेलेला. बाईंनी काउंटरच्या कडेला उभं राहून, गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत, जमेल तसं सांगितलं.

"बाई, खरं सांगू?" आई गोळ्यांची पाकिटं कापत म्हणाली. "तो आहे म्हणून मी इथे निर्धास्त उभी असते. पोर पोहोचली का, कुणाबरोबर आहे, मला विचारायला फुरसत असते का? तो विचारतो. मला कळवतो."

"तो विचारत नाही, हजेरी घेतो."

"तिचे वडील तर हजेरी घ्यायलाही नव्हते."

बाईंना वाटलं, कुणी थोबाडीत दिली असती तर बरं. त्या तरी म्हणाल्या, "ती हसत नाही हल्ली. घरी हसते का?"

आईचा हात थांबला. क्षणभर वाटलं, पोहोचलं. तेवढ्यात खोकल्याचं औषध हवं असलेला एकजण मधे घुसला. त्याला वाटेला लावून परत वळली तेव्हा आई पुन्हा काउंटरवरची बाई झाली होती.

"मी बोलते," ती म्हणाली. "दोघांशीही बोलते. समोरासमोर. तुम्ही काळजी करू नका."

"दोघांशी नको," बाई म्हणेपर्यंत रांग लागली होती. त्या दुकानाबाहेर घुटमळल्या. गर्दी हटली नाही. घरी येऊन फोन लावला, आईने उचलला नाही. समुपदेशकाला लावला.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "आता एवढं करा. त्याला नावं ठेवू नका, नाहीतर ती त्याची बाजू घेण्यात गुंतेल. तो की खेळ, असं निवडायला लावू नका. त्याने हात उचलला, धमकी दिली, तिने स्वतःला काही करून घ्यायची भाषा केली, तर क्षणभर थांबायचं नाही, मला कळवायचं, पोलिसांना कळवायचं. तोवर परतीचा रस्ता मोकळा ठेवायचा."

"आणि?"

"आणि वाट बघायची."

"म्हणजे काही करायचं नाही."

"तेच सगळ्यांत अवघड असतं, बाई."

"तुम्ही मला सोपं काहीतरी सांगा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आई दोघांशी बोलली असावी. कारण आठवडा उलटायच्या आत, भर दुपारी, सराव चालू असताना लंबी हॉलच्या दारात आली. जाकीट होतं, रॅकेट नव्हती. मागे हेल्मेट. तो एक पाऊल मागेच उभा राहिला, अदबीने.

"बाई, मी आता येणार नाही," लंबी म्हणाली. "अभ्यास आहे."

"बारावी आहे ना," तो म्हणाला. "मीच म्हटलं, बाईंना असं फोनवर सांगू नये. समोर जाऊन सांगावं."

बोलायची पद्धत किती नीट. बाईंच्या डोक्यात एका वेळी पन्नास वाक्यं आली, एकापेक्षा एक जळजळीत. प्रत्येक वाक्य तिच्यावरच जाऊन पडणार होतं, तेही इथे नाही, फाटकाबाहेर. त्यांनी सगळी गिळली. कोर्टावर बटण हातात शटल घेऊन खांबासारखी उभी होती.

"अभ्यास महत्त्वाचाच," बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही. "कंटाळा आला की नुसतं बघायला येत जा. दोघंही या."

"बघू," तो म्हणाला.

लंबीने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. ती खूप वाळली होती. गालांची हाडं वर आली होती. बाईंना काहीतरी, काहीही, असं विचारायचं होतं की ज्याचं उत्तर तिचं एकटीचं असेल.

"जेवलीस का गं?"

लंबीने आधी त्याच्याकडे बघितलं.

"जेवलीय," तो हसून म्हणाला. "मी सोडतो का उपाशी?"

बाई "बरं" म्हणाल्या. दोघं पायऱ्या उतरली. बटण धावत दारापर्यंत आली. तिला ओरडायचं होतं, पण बाईंनी तिचं मनगट धरून ठेवलं. खाली त्याने पट्टा लावला, आणि लंबी मागे बसली.

"बाई, तुम्ही काहीच बोलला नाहीत," बटण म्हणाली. तिचा आवाज फाटला. "तुम्ही."

बाईंनी तिचं मनगट सोडलं नाही. स्कूटर चौकातल्या गर्दीत शिरली, मग दिसेनाशी झाली. आत बाकीच्या पोरी खेळायचं थांबून दाराकडे बघत होत्या, बाई काय सांगतात त्याची वाट पाहत.