पाठीला पाठ लागलेली घरं

मालनबाई बोलायच्या कमी. साकोलीच्या पुढे, नागझिऱ्याच्या जंगलाकडे सरकत जाणाऱ्या गावांमध्ये त्यांनी नर्स म्हणून उभी नोकरी काढली. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि दोनांपैकी एक गोष्ट सांगायची: ‘इथंच होते’ किंवा ‘भंडाऱ्याले न्या’. ‘न्या’ म्हटलं की घरचे लोक वाद घालत नसत. कोणी जीप शोधायला धावे, कोणी शेजाऱ्याकडे पैसे मागायला. बाईंनी सांगितलं म्हणजे तसंच असणार, हे त्या गावांमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीनंतरही लोक त्यांना बाजारात थांबवून विचारत. मुलीला कोणत्या दवाखान्यात न्यावं, म्हशीला काय झालं असेल, एवढंच काय, जावई दारू सोडेल का, तेही.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली. मालनबाईंचे यजमान आणि वच्छलाबाईंचे यजमान एकाच शाळेत शिक्षक होते. दोघांनी भंडारा जिल्हा मागून घेतला आणि दोघांनाही साकोली मिळाली. इथं खोली शोधताना आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. शेवटी त्यांच्यासारख्याच काही नोकरदार बौद्ध कुटुंबांनी मिळून महामार्गालगतची धानाची बांधी विकत घेतली, लेआउट पाडलं, कोपऱ्यातली जागा विहारासाठी सोडली आणि उरलेल्या प्लॉटांच्या चिठ्ठ्या टाकल्या. महामार्गाकडे तोंड असलेला प्लॉट वच्छलाबाईंकडे गेला, त्याच्या पाठीमागचा, मागच्या गल्लीकडे उघडणारा मालनबाईंकडे. विटांचा खर्च वाचावा म्हणून दोन्ही घरांच्या मागच्या बाजूला एकच भिंत घातली. बोअरवेलही एकच. मोटरचं बटन मालनबाईंच्या स्वयंपाकघरात होतं. पाणी संपलं की वच्छलाबाई भिंतीवर लाटणं आपटायच्या.

लेआउटात तेव्हापासून एक रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती. घर विकायचं असेल त्यानं पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात उभं राहून सांगायचं. लेआउटातलं कोणी ‘मी पाहतो’ म्हणालं, तर पुढच्या दोन पौर्णिमा त्याच्यासाठी थांबायचं आणि तोवर बाहेरच्या माणसाकडून इसार घ्यायचा नाही. कोणीच काही बोललं नाही, तर विकणारा मोकळा. इतक्या कष्टानं एकत्र आलेली माणसं एका रात्रीत पांगू नयेत, एवढाच त्यातला हेतू.

दोघी विधवा झाल्या त्याही दोनेक वर्षांच्या अंतरानं. मालनबाईंचा मुलगा अतुल रस्त्यांच्या कामांवर सुपरवायझर होता, नागपूरला राहायचा. वच्छलाबाईंची मनालीही नागपूरला, एका खाजगी शाळेत शिकवायची. ती जन्मली ती मालनबाईंच्याच हातांवर. मनालीला बाळ झालं, रजा संपत आली, आणि तिनं आईला सांगितलं, घर विकून इकडेच ये, माझ्या जवळ एखादी लहानशी जागा घे, म्हणजे मला नोकरी सोडावी लागणार नाही.

त्याच सुमारास टायरचा धंदा करणारा बाबुलाल वच्छलाबाईंकडे आला. त्याला महामार्गाला लागूनच जागा हवी होती आणि तो भाव चांगला देत होता. पण महामार्गावर उड्डाणपूल होणार अशी बातमी होती आणि गावात जो तो दलाल झाला होता. पूल झाला की रस्त्याकाठचा भाव दुप्पट होणार, असं चहाच्या टपरीपासून तहसील कचेरीपर्यंत सगळे सांगत होते. वच्छलाबाई गोंधळल्या. त्या मागच्या गल्लीतून वळसा घालून मालनबाईंकडे आल्या.

“बाई, तुमी सांगा. आता विकू का थांबू?”

मालनबाईंना उत्तर माहीत होतं. आदल्याच आठवड्यात अतुल आला होता तेव्हा त्यानं जेवताना सांगितलं होतं की इथं पुलाला खांब नाहीत, आपल्या लेआउटासमोर मातीचा भराव येणार आणि त्याला उंच भिंत. समोरची दुकानं, घरं सगळी भिंतीआड जाणार. वच्छलाकाकूंना सांगून ठेव, असंही तो म्हणाला होता.

त्या क्षणी मालनबाईंच्या मनात पूल आला नाही, भाव आला नाही. वच्छला गेल्यावर आपल्या स्वयंपाकघरात किती शांत होईल, एवढंच आलं.

“थांब,” त्या म्हणाल्या. “पूल होऊ दे.”

सगळं गावच असं म्हणतं, मग मी म्हटलं तर काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती काही दिवस टिकली. बाबुलालनं पुढच्या चौकात दुसरी जागा घेतली. मग यंत्रं आली, धूळ आली, आणि अतुलनं सांगितली होती तशी भिंत वच्छलाबाईंच्या अंगणासमोर उभी राहिली. दुपारनंतर त्यांच्या दारात ऊन येईनासं झालं. गाड्या डोक्यावरून जायला लागल्या. दलालांनी त्या रांगेचं नाव काढणं सोडलं. आणि मागच्या गल्लीकडे, जिथं पूर्वी बैलबंडीही नीट वळत नव्हती, तिकडे नवं न्यायालय आणि सरकारी कचेऱ्या आल्या. वकिलांच्या पाट्या लागल्या, झेरॉक्सची दुकानं आली. दोन घरांमधल्या एकाच भिंतीच्या अलीकडे भाव चढत गेला, पलीकडे पडत गेला.

मनालीनं बाळासाठी बाई ठेवून पाहिली. ते जमलं नाही. तिनं नोकरी सोडली. वच्छलाबाईंनी हे मालनबाईंना सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, कोणाला दोष न देता. जाता जाता उलट म्हणाल्या, “तुमी तरी काय करसान, बाई. सरकारचं कोणाले समजते?”

त्यानंतर मालनबाईंना पौर्णिमेची वंदना जड होऊ लागली. पांढरं लुगडं नेसून त्या नेहमीच्या जागी बसत. पंचशील घेताना खोटं न बोलण्याच्या शीलापर्यंत आल्या की आवाज आपोआप खाली जाई. शेजारी वच्छलाबाई मोठ्यानं म्हणत असायच्या. वंदना झाल्यावर खीर वाटली जाई, आणि वच्छलाबाई आपल्या द्रोणातली थोडी मालनबाईंच्या द्रोणात घालत, कारण मालनबाईंना गोड आवडायचं. मालनबाई ती खात. न खाण्याचं कारण सांगता आलं नसतं.

अशी तीन वर्षं गेली. मग मालनबाईंचे गुडघे बसले आणि अतुलनं घर विकायचा धोशा लावला. भाव आता आहे, उद्या या गल्लीच्याही मागे आणखी लेआउट पडतील, मग कोण विचारतो, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाईकही आलं. जवळच्या गावचे गोपीचंद म्हणून धानाचे शेतकरी होते. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना साकोलीत घर हवं होतं. धानाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, हाती आले होते. या भागात घरं-प्लॉट विकले जातात ते याच दिवसांत. चुकाऱ्याचा पैसा फार दिवस हातात टिकत नाही. लग्न निघतं, ट्रॅक्टर निघतो, आणि गेला दिवस की गिऱ्हाईक गेलं. गोपीचंदांनी घर पाहिलं, मोटर चालू करून पाण्याची धार पाहिली आणि भाव न घासता हो म्हटलं.

माघ पौर्णिमेला विहारात सांगायचं ठरलं. त्याच्या आदल्या दुपारी मालनबाई गुडघ्यावर हात दाबत वळसा घालून वच्छलाबाईंच्या दारात गेल्या. वच्छलाबाई लाखोळीची डाळ निवडत होत्या. घर विकते आहे हे मालनबाईंनी सांगितलं. वच्छलाबाई म्हणाल्या, चांगलं झालं, भावही चांगला आहे. मग मालनबाईंनी बाकीचं सांगितलं.

“भिंत येणार हे मले माहीत होतं. तू विचारलं तवाच माहीत होतं. अतुलनं सांगितलं होतं.”

डाळीतला हात थांबला.

“मंग काहून सांगितलं नाही?”

“तू गेली असती.”

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळखीचं माणूस गर्दीत दिसल्यासारखं वाटावं आणि जवळ गेल्यावर दुसरंच निघावं, तसं.

“नागपूर का परदेश आहे, बाई?” त्या म्हणाल्या. “दोन-अडीच घंट्यात एसटी पोचवते. मी दर पौर्णिमेले आली असती. तुमच्याचकडे उतरली असती.”

हे मालनबाईंना तेव्हा सुचलंच नव्हतं. माणूस एकदा गेलं की गेलं, असं त्यांनी धरलं होतं. त्यांच्या घरातून आजवर जे कोणी गेलं ते तसंच गेलं होतं; अतुलही यायचा तो पाहुण्यासारखा.

“मनालीले मी म्हटलं, मालनबाई थांब म्हणते, थांबू मंग,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तिनं एका बोलानं ऐकलं. दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतं तर भांडली असती.” आणि पुन्हा डाळीत हात घातला. “जा तुमी. मोटर बंद करा. टाकी वाहून राहिली असन.”

पौर्णिमेला वंदना झाली. मालनबाई उभ्या राहिल्या, गुडघ्यामुळे त्यांना खांब धरावा लागला. घर विकायचं आहे, बाहेरचं गिऱ्हाईक आहे, आतलं कोणी असेल तर सांगा, असं त्या रीतीप्रमाणे म्हणाल्या. कोणी काही म्हणणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. अशी घोषणा झाली की थोडं थांबायचं आणि मग खिरीचं पातेलं पुढे घ्यायचं, असंच चालत आलेलं.

“मी पाहतो,” वच्छलाबाई रीतीतल्याच शब्दांत म्हणाल्या.

माना वळल्या. त्यांच्याजवळ पैसे नाहीत हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. स्वतःचं घर विकलं जात नाही, ती दुसऱ्याचं काय घेणार? पण रीतीत पैसे दाखवा असं कुठं नव्हतं. विहाराच्या अध्यक्षांनी मालनबाईंकडे पाहिलं. मालनबाईंनी होकाराची मान हलवली आणि खाली बसल्या.

अतुल फोनवर फार चिडला. “तिच्याजवळ पैसे कुठून येतीन? ती काय करून राहिली ते तुले दिसत नाही का?”

“दिसते,” मालनबाई म्हणाल्या.

गोपीचंद फाल्गुनापर्यंत थांबले, मग अदबीनं सांगून गेले. त्यांनी बायपासकडे दुसरं घर घेतलं. न्यायालयाजवळ त्याच दिवसांत एकानं तीन मजली इमारत बांधायला काढली, खोल्या विकायच्या पाट्या लागल्या आणि मागच्या गल्लीचा चढता भाव अडखळला. अतुलनं बोलणं कमी केलं. मालनबाईंना मात्र त्या दोन महिन्यांत झोप बरी लागत होती. याचीही त्यांना लाज वाटे. तीन वर्षांचं ओझं दोन पौर्णिमांत उतरल्यासारखं वाटायला नको होतं.

चैत्र पौर्णिमेला वच्छलाबाई उभ्या राहिल्या आणि “मले नाही जमत” एवढं बोलून बसल्या. त्या दिवशी खीर त्यांनीच वाटली. मालनबाईंच्या द्रोणात इतरांइतकीच घातली.

पुढचं गिऱ्हाईक पावसाळा संपल्यावर आलं, एक डॉक्टर. त्याला दवाखाना काढायचा होता, समोर न्यायालयाचा रस्ता हवा होता आणि मागं रुग्णांच्या खोल्यांना जागा. मालनबाईंनी त्याला सांगितलं की मागचं वच्छलाबाईंचं घर घेणार असाल तरच पुढचं माझं मिळेल. तो तयार झाला, मात्र दोन्हींचा मिळून एकच भाव बोलला. मालनबाईंनी वच्छलाबाईंच्या दारात जाऊन सांगितलं की येईल ते अर्धं-अर्धं करू.

“अर्धं नको,” वच्छलाबाई म्हणाल्या. “बाबुलाल तवा जेवढे देत होता तेवढे द्या. वरचे तुमचे.”

“वरचे काहून नको?”

“वरचे घेतले तर तुमाले वाटन, फिटलं.”

मालनबाईंनी पुन्हा आग्रह केला नाही. या वेळी विहारात कोणी ‘पाहतो’ म्हटलं नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी मनाली नागपूरहून आली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फार गर्दी होती. फोटो, अंगठे, सह्या होता होता दुपार कलली. मनाली आधीपेक्षा वाळली होती. सगळं उरकून बाहेर आल्यावर ती मालनबाईंच्या पायाशी वाकली.

“मोठीआई, तुमच्यामुळे झालं हे,” ती म्हणाली. “नाहीतर त्या भिंतीमागचं घर कोणी घेतलं असतं? आईले तुमी एकटं नाही सोडलं.”

मालनबाईंनी वच्छलाबाईंकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी मुलीला काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या पिशवीतली कागदपत्रं पुन्हा पुन्हा नीट लावत होत्या. मालनबाईंनी मनालीच्या डोक्यावर हात ठेवला, कारण तो ठेवावाच लागतो. बोलायला तोंड उघडलं, तर वच्छलाबाई मधेच म्हणाल्या, “चल मनाली, नागपूरची बस लागली असन.”

दोघी स्टँडकडे निघाल्या. मालनबाई कचेरीच्या पायरीवर उभ्या राहिल्या, अतुल गाडी घेऊन येईपर्यंत. मनालीनं वळणावर मागं पाहून हात हलवला. तिच्या आईनं पाहिलं नाही.