धामणीच्या पोटातलं

ठकू गेल्याचं कळलं तेव्हा मी बारामतीला लेकाकडं होते. कळंबहून पुतण्या आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "काकी, आई गेली." मी त्याला आधी पाणी दिलं. मग बसले.

ठकू माझी धाकटी जाऊ. मला आक्का म्हणायची. एका चुलीवर आम्ही उभा जन्म भाकरी थापल्या आणि भांडलोही. मेल्यावर माणसाचा लगेच देव करतात. ठकू देव नव्हती. जीभ तिखट, आणि एकदा नाही म्हटलं की नाही.

सन तीस-पस्तीसच्या सुमाराची गोष्ट. बावड्याहून लग्न होऊन येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि पहिल्या खेपेचे दिवस भरत आले होते. आमच्याकडं कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात उंदीर वाढले आणि उंदरांमागं धामणी आल्या. एक दिवस गोठ्यात वैरणीखालून जनावर निघालं. ठकूला वाटलं नाग. तिनं फावडं घातलं. निघाली धामण. तिचं पोट फाटलं आणि आतून शेवयांसारखे पांढरे, लांब जीव वळवळत बाहेर आले. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "गाभण व्हती गं! गाभणीनं गाभण मारली! आता वंशाला लागतंय हे…"

ठकूनं काटकीनं त्यातला एक सरळ केला. "आत्याबाई, ह्याचं डोळं दावा बरं. तोंड दावा. जंत हायती हे. परवा आक्कांच्या बाळ्याला पडलं, ती काय तुमची पतवंडं व्हती?"

मला हसू आलं. सासूबाई माझ्याशीही बोलायच्या बंद झाल्या.

मुलगा झाला. चांगला गुटगुटीत. पण दात यायच्या आतच तापानं गेला. पोराला पुरून माणसं घरी आली, आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंनी विषय काढला. चांदीचा नाग करून नीरेत सोडायचा, आणि ठकूनं पदर पसरून म्हणायचं, तुझी पिल्लं मी मारली म्हणून माझं गेलं. नाहीतर तिनं बावड्याला जावं, किसनला दुसरी करू. किसन, माझा दीर, खाली मान घालून म्हणाला, "म्हन की एवढं. सुटू दे एकदा."

"नाग सोडा. धा सोडा. त्ये मी म्हनायची न्हाय," ठकू म्हणाली. "पोर माझ्या मांडीवर तापलं, मांडीवर गार झालं. मी मारलं म्हनू त्याला?"

भिंतीला टेकून ती तशीच उभी होती, गाठोडं बांधायचं का नाही ते कळायची वाट बघत… शेवटी किसन म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे." आईच्या शब्दाबाहेर तो जन्मात तेवढाच गेला. ठकू राहिली. पुढं तिला तीन मुलं झाली, तरी सासूबाईंनी शेवटपर्यंत धामण सोडली नाही.

चारचौघांत ठकू कधी डगमगली नाही. एकदाच, दळताना, जात्याचा खुंटा धरून थांबली. "आक्का, तुमी बघितलं व्हतं न्हवं? जंतच व्हतं न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. "जंतच."

तिनं पुन्हा जातं ओढलं. दाणा टाकायचं भान नव्हतं तिला, नुसताच दगड फिरत होता.

सासूबाईंच्या मागं नागपंचमीला भिंतीवर गंधानं नाग काढायचं काम तिच्याकडं आलं. ती नाग सुरेख काढी, आणि पोटात बारीक वाकड्या रेघा ओढी. घरात कोणी विचारलं नाही. मीही नाही.

यंदा दिवसकार्याला गेले ती कळंबलाच राहिले. नागपंचमी आली, पण वर्ष सरलं नव्हतं, म्हणून गोडधोड नव्हतं. नुसत्या लाह्या आणि दूध. पुतण्याच्या बायकोनं भिंतीवर नाग काढला, आणि त्याच्या पोटात रेघा.

"ह्या कशाला गं?" मी विचारलं.

"आत्याबाई काढायच्या. त्येच्या पोटात असत्यात म्हनायच्या."

रेघा फारच पुसट होत्या. मी म्हटलं, "जरा जाड काढ. लांबनं दिसू देत."