लाल दोऱ्याच्या कॅसेटी

टेलरबाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, कपडे राहत. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की त्या आधी कॉलर बघत, मग बाही, आणि मग कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडे, की अरे, ही तर समोरच्या जिन्यावरची नर्स. त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी एका चाळिशीच्या बाईने पिशवीतून काळा कोट काढून मेजावर ठेवला, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या कोटाकडेच बघत राहिल्या.

गुडघ्याखाली जाणारा लांब कोट. मखमली कॉलर, कडेने झिजलेली. आतलं अस्तर जागोजागी विरलेलं. समोर पाच बटणं, त्यातली चार काळी आणि वरून तिसरं तपकिरी.

"अस्तर बदलायचंय, मावशी. रविवारी सकाळपर्यंत जमेल का?"

बाईंनी ते तिसरं बटण बोटाने चाचपलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"हा कोट कंदीलमामांचा आहे," त्या म्हणाल्या.

समोरची बाई स्टूल ओढून बसली. "मी त्यांची मुलगी. तुम्ही बघायचात बाबांचा कार्यक्रम?"

बघायचात म्हणे! तीस वर्षांपूर्वी शनिवारी रात्री शेवटच्या बातम्या आटोपल्या, भली माणसं पांघरुणात शिरली, की टीव्हीवर एक खोटा माळा दिसायचा. पुठ्ठ्याच्या भिंती, कापसाची जळमटं. त्यातून हातात कंदील घेऊन हा काळ्या कोटातला उंच माणूस यायचा, मोडक्या पेटीवर बसायचा आणि घरातल्यासारखा बोलायला लागायचा. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे कंदीलमामाच म्हणायचे. तो दोन सिनेमे लागोपाठ दाखवायचा, तेही असे, की थेटरवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात उतरवलेले. ताटल्यांची उडती यानं, दोरीला लटकलेली वटवाघळं, रबरी राक्षस. पण प्रत्येक सिनेमाआधी मामा आठ-दहा मिनिटं त्याच्याबद्दल बोलायचा. तो कुणी काढला, किती हौसेने काढला, राक्षसाच्या आत कोण होतं आणि त्याला किती उकडत होतं, सगळं सांगायचा. आणि शेवटी कंदिलाची वात खाली करत म्हणायचा, "चला मंडळी, दिवा मालवा."

गल्लीत त्या वेळी मोजून चार-पाच खिडक्या निळ्या दिसायच्या. रविवारी सकाळी पावाच्या दुकानात तारवटलेल्या डोळ्यांची माणसं एकमेकांना ओळखायची आणि नुसती मान हलवायची. आता म्हणे हेच सगळे सिनेमे फोनवर मिळतात, भर दुपारी चारलासुद्धा. दुपारी चार वाजता भूत बघणाऱ्याचं काय कल्याण होणार, ते देवच जाणे. भुताला काही वेळकाळ असतो की नाही?

"बघायचे," बाई म्हणाल्या, "आणि रेकॉर्ड करायचे. पलंगाखाली एकशे चौऱ्याऐंशी कॅसेटी आहेत."

मुलगी ताडकन उठली, तसं स्टूल मागे कलंडलं.

मग तिने जे सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता ते खिशात छोटी वही ठेवतात, त्यात लिहून बोलतात. रविवारी जुन्या प्रेक्षकांनी त्यांचा छोटासा सत्कार ठेवलाय. कोट त्यासाठीच. पण त्यांचा आवाज कुठेच उरला नाही. त्या वाहिनीने तेव्हाच्या टेप पुन्हा वापरल्या, वर बातम्या भरल्या. घरात कुणी रेकॉर्ड केलं नाही, कारण दर शनिवारी ते टीव्हीवर होतेच आणि रविवारी घरी.

"माझ्या डोक्यातसुद्धा तो आवाज आता नीट येत नाही, मावशी," ती म्हणाली. "शब्द आठवतात. आवाज येत नाही. एकदा ऐकायला मिळाला तरी पुरे."

ती "संध्याकाळी येते" म्हणून गेली. बाईंनी मात्र तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती.

कॅसेटी होत्या त्या नवऱ्यासाठी. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळीला. शहर झोपलं की हा टाक्या भरणार आणि पहाटे घरी येणार. त्याला असल्या सिनेमांचं भारी वेड, आणि नेमके ते लागायचे त्याच्या कामाच्या वेळी. म्हणून बाई शनिवारी रात्री रविवारचे कपडे शिवत बसायच्या. पाय शिलाईमशीनच्या पॅडलवर, डावा हात कापडावर, उजव्या हाताशी रिमोट. कॅसेट तीन तासांची, सिनेमे दोन. दोन्ही एकाच कॅसेटमध्ये बसवायचे तर काटछाट हवीच. बाईंनी तीही शिवणकामासारखीच केली. जाहिरात लागली की थांबव, संपली की सोड. आणि मामाचं बोलणं तर पुरतं कापायचं. नवराच म्हणाला होता, "त्याची बडबड नको ठेवूस, सिनेमा तेवढा घे." बाईंना ती बडबड सिनेमापेक्षा जास्त आवडायची, पण नवऱ्यासाठी शिवायचं तर नवऱ्याच्या मापाने. त्या ऐकायच्या आणि कापायच्या.

कापण्यात त्यांचा हात इतका बसला, की सांधा दिसायचा नाही. पंपावरचे सोबती कॅसेट मागून न्यायचे आणि विचारायचे, ही दुकानातून विकत आणली का. बाईंची मान ताठ व्हायची. लेबलंही त्या स्वतःच लिहायच्या, सिनेमाचं नाव नव्हे, आपला शेरा. "राक्षस, पाठीला चेन दिसते." "चेटकीण, झगा चांगला, बाह्या आखूड." "परग्रहावरचे लोक, सगळ्यांना एकाच मापाचे कपडे."

म्हणजे जगात आता कुठेही मिळतील ते सिनेमे त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपले होते, आणि कुठेच मिळणार नाही तो आवाज आपल्याच बोटाने कापून टाकला होता.

तरी त्यांनी दुकान बंद केलं, घरी आल्या, जुनं रेकॉर्डिंग मशीन पुसलं आणि पलंगाखालच्या पेट्या ओढल्या. पहिली कॅसेट लावली. पडद्यावर मुंग्या, मग मामाचा आवाज, "…दिवा मालवा," आणि सिनेमा सुरू. दुसरी लावली. "…दिवा मालवा." मशीन थांबवल्यावर पुन्हा सुरू व्हायला दोन सेकंद घ्यायचं, म्हणून त्या बटण जरा आधीच सोडायच्या. तेवढ्यापुरता मामा प्रत्येक कॅसेटच्या तोंडाशी अडकला होता. तिसरी, दहावी, तिसावी. दिवा मालवा, दिवा मालवा. बाईंना हसू आलं आणि लगेच रडूही. एवढा बोलका माणूस, आणि त्याच्याकडून त्यांनी दोन शब्द ठेवून घेतले होते.

संध्याकाळी मुलगी आली ती कामावरून थेट, हातात अजून ऑफिसची बॅग. बाईंनी तिला चहा दिला आणि जे होतं ते सांगून टाकलं.

"चूक माझी आहे. मी कापलं. हे एवढंच उरलंय." आणि त्यांनी कॅसेट लावली.

मुलीने ते दोन शब्द ऐकले. पुन्हा लावायला सांगितले. पाचव्यांदा ऐकून म्हणाली, "असू दे मावशी, हेही नव्हतं माझ्याकडे." पण तिचा चेहरा पडला होता, आणि चेहरे न ओळखणाऱ्या बाईंनाही ते दिसलं. खांद्यावरचा पदर सारखा करायच्या निमित्ताने त्यांनी तोंड फिरवलं. मुलगी पेट्या आवरू लागली.

"आणि ह्या चार? ह्यांना दोरा का गुंडाळलाय?"

दुकानात बिघडलेला कपडा वेगळा कळावा म्हणून बाई त्याला लाल दोरा बांधत. ह्या कॅसेटींनाही तोच न्याय.

"त्या बिघडलेल्या. आमच्या ह्यांनी केलेल्या," बाई म्हणाल्या. "दोन-तीन महिन्यांतून एखाद्या शनिवारी ह्यांना सुट्टी असायची. मी म्हणायचे, आज तुम्ही बसा, मी झोपते. सकाळी बघावं तर दुसऱ्या सिनेमाचा शेवटच नाही, कॅसेट संपलेली! विचारलं की म्हणायचे, डोळा लागला गं, बटण दाबायचं राहिलं. असं चार वेळा. मग मी रिमोट काढूनच घेतला. म्हटलं, शहराला पाणी पाजता, पण एक बटण दाबायला—"

बाई बोलता बोलता थांबल्या. मुलगी त्यांच्याकडेच बघत होती. बटण दाबायचं राहिलं असेल, तर कापायचंही राहिलं असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

दोरा सोडायलाही धीर नव्हता, बाईंनी तो दातानेच तोडला.

पडद्यावर पुठ्ठ्याचा माळा आला. कंदील आला, कोट आला, तपकिरी बटण आलं. मामा पेटीवर बसला.

"या मंडळी. झोप नाही का येत? मलाही नाही. आज एक राक्षस आणलाय. ज्याने तो बनवला, त्याच्या घरी फक्त एक जुना रेनकोट होता आणि भलती हौस होती. तेव्हा हसायचं असेल तर जरूर हसा. पण तो बिचारा तुम्हाला मनापासून घाबरवतोय, एवढं ध्यानात असू द्या…"

मुलीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मामा चांगला नऊ मिनिटं बोलला. मध्ये खोकला, पाणी प्यायला, आपल्याच विनोदावर हसला. "हे हसणं," मुलगी एवढंच म्हणाली आणि मोकळेपणी रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आपली चूक पुसली गेली असं नाही, पण कुणीतरी मागून येऊन टाके घातले, असं त्यांना वाटलं. आणि तो कुणीतरी झोपाळू होता, हेच आपलं नशीब.

"काकांना झोप लागली म्हणून वाचलं," मुलगी डोळे पुसत म्हणाली.

"झोपेत केलेलं हे त्यांचं एकच काम बरं झालं," बाई म्हणाल्या.

मशीन बंद करायला कुणी उठलं नाही. रेनकोटातला राक्षस नदीतून वर आला, पाठीची चेन चमकवत चालू लागला. दोघी चहा पीत बघत राहिल्या. राक्षसाने गावाच्या वेशीवर हात उगारला, पडद्यावर नुसतं डोळा लवल्यासारखं झालं, आणि तो हात खाली आला.

बाईंनी कप ठेवला.

"मागे घे गं जरा."

मुलीने मागे घेतलं. हात वर, बारीकशी उडी, हात खाली. बाई पडद्याच्या जवळ गेल्या, दुसऱ्याची शिवण तपासावी तशा वाकल्या.

"इथे जाहिराती असायच्या. पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "कापल्यात."

पुढे नेलं. अर्ध्या तासाने पुन्हा तशीच उडी. त्याच्या पुढे आणखी एक. मग पहिला सिनेमा संपला आणि मामा पुन्हा आला, पुन्हा आठ-नऊ मिनिटं निवांत बोलला, त्यातला एक शब्द गाळलेला नव्हता. दुसऱ्या सिनेमात पुन्हा जाहिराती साफ. बाईंनी उरलेल्या तिन्ही कॅसेटींचे दोरे तोडले. तिन्हींत तेच. जाहिरात एकही नाही, आणि मामा सगळाच्या सगळा. मामाला जागा केली म्हणूनच शेवट मावला नव्हता.

बाई पलंगावर बसल्या. झोपलेला माणूस जाहिराती कापत नाही. तो रात्रभर बोट बटणावर ठेवून जागा होता. ज्याला ती बडबड नको होती, त्यानेच ती ठेवली होती, आणि आपल्या आवडत्या सिनेमांचे शेवट घालवले होते. त्या घरात ती बडबड आवडायची ती एकट्या बाईंना, आणि हे त्याला न सांगताच ठाऊक होतं. आणि खरं सांगितलं असतं तर बाईच कडाडल्या असत्या, कॅसेट वाया घालवता म्हणून. म्हणून चारही वेळा बोलणी खाल्ली आणि म्हणाला, डोळा लागला गं.

बाईंनी सकाळी उठून फक्त शेवट तपासला होता. सुरुवात कधी लावूनच बघितली नाही. लाल दोरा बांधला आणि वर चार माणसांत त्याचं हसंही केलं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"मावशी?" मुलगी म्हणाली. "काय झालं?"

"कोट शनिवारी रात्री ने. कॅसेटीही घेऊन जा, रविवारी सगळ्यांना ऐकव, पण परत आणून दे," बाई म्हणाल्या. मग तुटलेले लाल दोरे गोळा करत म्हणाल्या, "आणि कुणी विचारलं, हे कसं काय उरलं, तर झोप लागली म्हणून असं नको सांगूस. म्हणावं, पंपावरचा एक माणूस होता. जागा होता तो."